सपाट पडद्यावर दिशा कशी वाचली जाते : निरीक्षण-चौकटीच्या प्रकल्प नोंदी

काय बनवतो आहोत

मॉनिटरवर यथार्थदर्शनात काढलेले दोन ठोकळे. मधोमध लाल, त्याच्या आसपास कुठेतरी निळा. बघणाऱ्यानं ठरवायचं, लाल ठोकळ्यापासून निळा कोणत्या दिशेला आहे. नासाच्या एम्स संशोधन केंद्रात मायकेल मॅकग्रीव्ही आणि स्टीफन एलिस यांनी १९८० च्या दशकात असेच ठोकळे वापरून काम केलं. आजूबाजूची विमानं कॉकपिटमधल्या सपाट पडद्यावर यथार्थदर्शनात दाखवली तर वैमानिक त्यांची दिशा बरोबर वाचेल का, हा त्यामागचा प्रश्न होता. लोकांच्या चुका अंदाधुंद नसतात, चित्राचा दृश्यकोन (चित्रात किती रुंद दृश्य मावतं तो कोन) बदलला की चुकाही ठरावीक रीतीनं बदलतात, हे त्यांनी १९८६ मध्ये मांडलं. तीच गोष्ट कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत, हाताशी असलेल्या मॉनिटरवर तपासता यावी म्हणून ही चौकट.

सगळ्या नोंदींत ०° म्हणजे पडद्यात सरळ आत आणि ९०° म्हणजे थेट उजवीकडे.

५ जुलै: पडद्याचं माप

मॉनिटर '२४ इंची', १९२० × १०८० पिक्सेल. खोक्यावरच्या आकड्यावरून रुंदी ५३.१ सेंमी काढली होती. पोलादी पट्टीनं मोजली तर चित्राची रुंदी ५२.७ आणि उंची २९.६ सेंमी भरली. पॅनेल २३.८ इंचांचं निघालं. एक पिक्सेल ०.२७४५ मिमी.

ब्राउझरमध्ये '१० सेंमी' लांबीची रेघ काढली, ती पट्टीवर १०.४ सेंमी आली. ब्राउझरचा सेंटिमीटर इंचाला ९६ पिक्सेल धरून चालतो, समोरच्या पॅनेलची त्याला कल्पना नसते. म्हणून यापुढे सगळी मापं पिक्सेलमध्ये लिहून ०.२७४५ नं गुणायची असं ठरवलं. टीव्ही वापरणाऱ्यांनी आधी ओव्हरस्कॅन बंद करावा, नाहीतर चित्राच्या कडा कापल्या जातात आणि पट्टीनं घेतलेलं मापही फसवं ठरतं.

६ जुलै: पहिलं दृश्य

थ्री-जेएसमध्ये (ब्राउझरमध्ये त्रिमितीय चित्रं काढणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत) जमीन, १० सेंमीचे दोन ठोकळे आणि जमिनीकडे २०° झुकलेला कॅमेरा. आडवा दृश्यकोन ६०° हवा होता. डोळा पडद्यापासून किती अंतरावर हवा याचं गणित सोपं आहे: अर्धी रुंदी भागिले अर्ध्या कोनाचं टॅन. २६.३५ ÷ ०.५७७ = ४५.६ सेंमी. चित्रातली खोली भूमितीनं जुळते ती फक्त याच एका जागेवरून. पुढे तिला 'डोळ्याची जागा' म्हटलं आहे.

१२ आणि १३ जुलै: वाया गेलेले दोन दिवस

हनुवटी पुस्तकांच्या चळतीवर टेकवून, डोळा ४५.६ सेंमीवर ठेवून वाचनं घेतली. प्रत्येकाची चूक एकाच बाजूला पडत होती. ४५° वरचा ठोकळा सगळ्यांना तिशीच्या आसपास दिसत होता, म्हणजे पडद्याच्या आत जाणाऱ्या रेषेकडे ओढलेला. आधी वाटलं, माणसाच्या नजरेची म्हणतात ती चूक हीच. तशी ती असतेही, पण सगळ्यांची इतकी एकसारखी नसते.

दोष कोडमध्ये होता. थ्री-जेएसच्या कॅमेऱ्यात लिहायचा दृश्यकोन *उभा* असतो, आम्ही आडवा समजून ६० लिहिलं होतं. १६:९ पडद्यावर उभा ६०° म्हणजे आडवा ९१.५°, आणि त्या चित्राची डोळ्याची जागा पडद्यापासून फक्त २५.७ सेंमीवर. आपण मात्र ४५.६ वर. डोळा हव्या त्याच्या जितकी पट लांब, तितकी पट चित्रातली खोली ताणली जाते. इथे ती बरोबर १६/९ पट ताणली गेली, आणि ४५° चे २९.४° झाले.

आडव्या ६०° साठी उभा कोन ३६° लिहावा लागतो. ही चूक ओळखायची खूण म्हणजे सगळ्यांची वाचनं एकाच गुणोत्तरानं सरकलेली असणं. आधी ते गुणोत्तर काढून बघा. ते १.७८ च्या जवळ आलं तर माणसांना दोष देऊ नका.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट सापडली. ब्राउझर पूर्ण पडद्यावर नव्हता. वरच्या पट्ट्यांमुळे चित्राला ९५० पिक्सेल उंची मिळत होती आणि उभा ३६° तेवढ्याच उंचीत बसत होता. त्यामुळे डोळ्याची जागा ४०.१ सेंमीवर आली होती, साडेपाच सेंटिमीटर पुढे. आता पूर्ण पडदा नसेल तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

१९ आणि २० जुलै: डोळ्याचं भोक

ब्रुनेलेस्कीनं पंधराव्या शतकात फ्लोरेन्सच्या बाप्तिस्मा-मंदिराचं चित्र फळीतल्या भोकातून, समोर धरलेल्या आरशात बघायला लावलं होतं. मूळ युक्ती तीच: डोळा एका जागी बांधून टाकायचा.

पहिली फळी १२ मिमी प्लायची, तिला ५ मिमीचं भोक. चित्राचा मधला तुकडाच दिसला. डोळ्याची बाहुली भोकाच्या साधारण १५ मिमी मागे राहते (पापण्यांना जागा लागतेच), आणि तेवढ्या अंतरावरून ५ मिमीचं भोक जेमतेम १९° दाखवतं. त्यात प्लायची जाडी बोगद्यासारखी आड येते. फळी फुकट गेली, १८० रुपये.

दुसरी फळी ३ मिमी एमडीएफची. भोक गोल न ठेवता आडवं, १७ मिमी रुंद आणि १० मिमी उंच कापलं: १५ × टॅन ३०° च्या दुप्पट रुंदी, १५ × टॅन १८° च्या दुप्पट उंची. पुढच्या बाजूनं कडा कानशीनं तिरकी केली आणि फळीला मॅट काळा स्प्रे मारला. चकचकीत काळा घेऊ नका, पडद्याचा उजेड त्यावरून उडून डोळ्यात येतो. या मापाच्या भोकाची धूसर कड बरोबर मॉनिटरच्या चौकटीवर पडते, म्हणजे चित्र दिसतं आणि चौकट झाकली जाते. हे पुढे फार महत्त्वाचं ठरलं. दुसऱ्या डोळ्यावर मेडिकलच्या दुकानातली पट्टी. नुसता डोळा मिटायला सांगितलं तर उघडा डोळाही आकसतो आणि मिनिटाभरात माणूस थकतो.

२६ आणि २७ जुलै: काचेवर गिरवून पडताळणी

ही नोंद वगळू नका. कोड बरोबर आहे हे कोड वाचून कळत नाही.

मॉनिटर काढून त्याच्या पडद्याच्याच प्रतलात ३ मिमी अॅक्रिलिक उभं केलं. मागे टेबलावर १० सेंमी चौकटींचा कागद, त्यावर लाकडी ठोकळे आणि उभ्या काठ्या, सगळं कोडमधल्याच मापांनी. भोकातून एका डोळ्यानं बघत मार्करनं अॅक्रिलिकवर कडा गिरवल्या, मग अॅक्रिलिक मॉनिटरवर ठेवून संगणकाच्या चित्राशी ताडलं.

पहिला प्रयत्न फसला. शाई अॅक्रिलिकच्या पुढच्या तोंडावर होती, त्यामुळे पडद्यावर ठेवल्यावर रेघा ३ मिमी पुढे आल्या आणि डोकं हललं की सरकू लागल्या. मग ए-३ मापाची पातळ पारदर्शक फिल्म अॅक्रिलिकवर चिकटवून तिच्यावर गिरवलं आणि नंतर फक्त फिल्म पडद्याला लावली. आता रेघा स्थिर राहिल्या, आणि दोन चुका उघड झाल्या.

पहिली: गिरवलेलं चित्र संगणकाच्या चित्रापेक्षा मोठं होतं. पडद्यामागे ६० सेंमीवरच्या वस्तूंमध्ये, मध्यापासून १५ सेंमीवर पावणेतीन मिलिमीटरचा फरक. कारण फळी ४५.६ सेंमीवर ठेवली होती आणि डोळा तिच्याही मागे दीड सेंमी. भोकाच्या गणितात हा दीड सेंमी धरला होता, फळी ठेवताना विसरलो. फळी ४४.१ वर आणली आणि फरक रेघेच्या जाडीत मावला.

दुसरी जास्त गंभीर: फिल्मवरच्या उभ्या काठ्या एकमेकींना समांतर, संगणकाच्या चित्रात मात्र खाली एकत्र येणाऱ्या. कॅमेरा २०° झुकलेला होता. म्हणजे ते चित्र २०° झुकलेल्या पडद्यासाठी होतं आणि दाखवलं उभ्या पडद्यावर. अशा चित्रात जमीन चढती वाटते आणि उंचीचे सगळे अंदाज बिघडतात.

दुरुस्ती अशी: कॅमेरा सरळ ठेवायचा आणि चित्राची चौकट खाली सरकवायची. त्यासाठी दृश्यकोनाचा नाद सोडला आणि थ्री-जेएसच्या मेकपर्स्पेक्टिव्ह या फंक्शनला चार कडांची मापं थेट दिली. डोळ्यासमोरचा बिंदू पडद्याच्या मध्यापासून १० सेंमी वर घेतला. मग वरची कड डोळ्याच्या ४.८ सेंमी वर, खालची २४.८ सेंमी खाली, डावी-उजवी २६.३५. प्रत्येकाला ४५.६ नं भागून जवळच्या प्रतलाच्या (ज्याच्या अलीकडचं काही काढलं जात नाही त्याच्या) अंतरानं, म्हणजे ०.१ नं गुणायचं. वर ०.०१०५, खाली −०.०५४४, बाजू ±०.०५७८. उभा-आडवा हा घोळच उरत नाही, कारण जे पट्टीनं मोजलं तेच कोडमध्ये जातं. एक अडचण लक्षात ठेवा: खिडकीचं माप बदललं की प्रोजेक्शन मॅट्रिक्स (दृश्यातला बिंदू पडद्यावर कुठे पडेल ते ठरवणारा आकड्यांचा तक्ता) पुन्हा काढणारी ओळ बहुतेक नमुना-कोडमध्ये असते, ती हा बदल पुसून टाकते. ती काढा, आणि व्यस्त मॅट्रिक्सही हातानं भरा.

फळीही १० सेंमी वर गेली. भोकाची उंची तीच राहिली, पण डोळा आता भोकाच्या मध्यावर नाही: वर १.६ मिमी, खाली ८.२ मिमी. फळीवर डोळ्याच्या पातळीची रेघ मारून ठेवली. घाईत जुळवायचं असेल तर एवढं पुरतं, की चित्रातली क्षितिजरेषा डोळ्याच्या बरोबर समोर आली पाहिजे.

२ ऑगस्ट: उत्तर घ्यायचं कसं

तोंडी अंश विचारून पाहिले. लोक ३०, ४५, ६० असेच आकडे देतात, मधलं काही येत नाही. कागदावर बाण काढायला लावला तर डोळा भोकावरून काढावा लागतो. शेवटी टेबलाखाली चाचपडून फिरवायचा काटा बसवला: १० किलोओहमचं पोटेन्शिओमीटर (फिरवलं की विद्युतरोध बदलणारा भाग), तो वाचणारा आर्डुइनो नॅनो हा छोटा बोर्ड, यूएसबीतून आकडा थेट फाइलमध्ये.

दुकानातून आणलेलं पहिलं पोटेन्शिओमीटर 'ए१०के' निघालं, लॉगरिदमिक, आवाज कमी-जास्त करायला वापरतात ते. नॅनो ० ते १०२३ आकडे देतो, म्हणजे काटा निम्म्यावर आणला की ५१२ च्या आसपास यायला हवं, येत होते शंभर-दीडशे. दिशेसाठी 'बी१०के' लागतं, रेषीय. किंमत तीसच रुपये, पण अर्धा दिवस कोडमधली चूक शोधण्यात गेला.

बी१०के सुमारे ३००° फिरतं आणि दोन्ही टोकांना थोडा भाग मेलेला असतो. म्हणून −९०° ते +९०° एवढंच वापरलं आणि कोनमापक लावून −९०, −४५, ०, ४५, ९० या पाच जागी आकडे नोंदवले. एका पायरीला साधारण ०.३°. आकडा दोन-तीन पायऱ्या थरथरतो, म्हणून सोळा वाचनांची सरासरी.

काटा आधी खोक्याच्या उभ्या तोंडावर बसवला होता. त्यात 'वर' म्हणजे 'आत' हे भाषांतर बघणाऱ्याला मनात करावं लागत होतं. आडवा, टेबलाला समांतर, शरीराच्या मध्यरेषेवर बसवल्यावर शिकवावं लागलं नाही. न बघता काटा फिरवण्यातही प्रत्येकाची स्वतःची चूक असते. त्यासाठी आधी टेबलावरच्या खऱ्या ठोकळ्यांवर प्रत्येकाची वाचनं घ्यायची आणि पडद्यावरच्या वाचनांची तुलना त्यांच्याशीच करायची.

९ ऑगस्ट: जमीन, जाळी आणि ओळंबा

निळा ठोकळा जमिनीवरून उचलून हवेत ठेवला आणि सगळ्यांची वाचनं विखुरली. यात नवल नाही. पडद्यावरची तीच जागा 'जवळ आणि खाली' असू शकते, किंवा 'लांब आणि उंच'. ठोकळ्याच्या आकारावरून थोडं कळतं, पण दोन्ही ठोकळे सारखे आहेत हे बघणाऱ्यानं गृहीत धरलं तरच.

तिरपी सावली टाकून पाहिली. गोंधळ वाढला, कारण सावली ठोकळ्याखाली नाही, बाजूला पडते. उपयोगी पडली ती ठोकळ्यापासून जमिनीपर्यंत सोडलेली सरळ ओळंब्याची रेघ आणि ती टेकते तिथे लहान फुली. लाल ठोकळ्यालाही तशीच. वाचनं लगेच सुधारली, आणि या सगळ्या कामात इतका मोठा फरक दुसऱ्या कशानंही पडला नाही. माझ्या मते हवेतल्या वस्तू दाखवणाऱ्या कोणत्याही पडद्यावर, ड्रोनचा असो की विमानांचा, ही रेघ आधी आणि बाकी सजावट नंतर.

जमिनीची जाळी आधी साध्या रेषांची होती. वेबजीएलमध्ये (थ्री-जेएस ज्यावर चालतं त्या ब्राउझरच्या चित्र-यंत्रणेत) साधी रेष बहुतेक यंत्रांवर जवळ असो की लांब, एकाच पिक्सेलची राहते. लांबची रेघ जवळच्या रेघेइतकीच जाड दिसते आणि जमीन उभी राहिल्यासारखी वाटते. रेषांच्या जागी ४ मिमी रुंदीच्या पट्ट्या काढल्या, त्या लांब जाताना आपोआप बारीक होतात. तीन मीटरपलीकडे जाळी फिकट करून संपवली, नाहीतर तिथे रेघा एकमेकींत मिसळून लुकलुकतात आणि डोळा तिकडेच जातो.

१६ ऑगस्ट: तीन दृश्यकोन

३०°, ६०° आणि ९०° ची चित्रं. आधी डोळा मुद्दाम ४५.६ वरच ठेवला. भूमितीप्रमाणे ४५° चा ठोकळा अनुक्रमे ६५.१°, ४५° आणि ३०° वर दिसायला हवा. वाचनं त्याच क्रमानं सरकली, पण पूर्ण नाही. लोक भूमितीच्या उत्तरापासून थोडे मागेच थांबतात.

मग प्रत्येक चित्रासाठी फळी त्याच्या जागी नेली: ९६.८, ४४.१ आणि २४.९ सेंमी (प्रत्येकात दीड सेंमी वजा). चुका बऱ्याच कमी झाल्या, शून्य झाल्या नाहीत. ९०° ला भोक पुरत नाही, रुंदी ३० मिमी लागते. त्यासाठी वेगळी फळी कापली.

१२०° चं चित्रही तयार होतं, पण त्याची डोळ्याची जागा १५.२ सेंमीवर येते. तिथे स्पष्ट दिसायला डोळ्याला साडेसहा डायॉप्टर जोर लावावा लागतो. चाळिशी लागलेल्यांना ते जमत नाही, आणि धूसर चित्रावरची वाचनं कामाची नाहीत. सोडून दिलं.

वाचन घेताना ०, ४५, ९० हे कोन टाळा. ७, २२, ३७, ५२ असे घ्या, क्रम पिसा, डावी-उजवी बाजू सारख्या वेळा येऊ द्या. बरोबर उत्तर मध्येच सांगू नका. एकदा सांगितलं की माणूस दिसतं ते न सांगता सुधारून सांगायला लागतो.

२३ ऑगस्ट: चौकट झाकावी की दाखवावी

फळी १० सेंमी उजवीकडे सरकवली आणि चित्र तसंच ठेवलं. भूमितीप्रमाणे सरळ आत जाणारी रेघ १२.४° तिरकी व्हायला हवी. भोकातून, एका डोळ्यानं बघणाऱ्यांना ती स्पष्ट तिरकी दिसली. फळी काढून, दोन्ही डोळ्यांनी, मॉनिटरची चौकट दिसत असताना त्याच जागेवरून बघितलं तर तिरकेपणा बराच कमी भासला.

दोन डोळे आणि दिसणारी चौकट मिळून सांगतात की हा एक सपाट पडदा आहे आणि आपण त्याच्या बाजूला बसलो आहोत. मन तेवढी भरपाई करतं. भोकानं तोच पुरावा लपतो. म्हणजे डोळा योग्य जागी असेल तर भोक खोली वाढवतं, चुकीच्या जागी असेल तर चूक उघडी पाडतं. दहा माणसं बाजूबाजूला उभी राहून बघणार असतील तिथे चौकट लपवण्याच्या युक्त्या करू नयेत.

३० ऑगस्ट: उभ्या प्रेक्षकांसाठी टीव्ही

प्रदर्शनासाठी ४३ इंची टीव्ही, चित्राची रुंदी ९४.१ सेंमी. ३०° घेतले, डोळ्याची जागा १७५.६ सेंमीवर. जमिनीवर पावलांची खूण चिकटवली. रोमच्या सांत इग्नात्सिओ चर्चमध्ये आंद्रेआ पोत्सोनं रंगवलेल्या छताखाली फरशीत अशीच एक गोल खूण आहे: तिथे उभं राहिलं की रंगवलेले खांब सरळ वर चढतात, बाजूला झालं की कलंडतात.

अडचण उंचीची आली. क्षितिजरेषा १६० सेंमीवर होती. लहान मुलांचे डोळे १२० च्या आसपास. ४० सेंमीच्या फरकानं भूमितीप्रमाणे जमीन १२.८° चढती होते, आणि मुलं खरोखरच 'चढ आहे' म्हणत होती. क्षितिजरेषा १४० वर आणली, म्हणजे दोन्हीकडे ६.५°. मुलांसाठी १५ सेंमीचा लाकडी चौथरा ठेवला. चौथऱ्यावर उभं राहिलेल्यांकडून चढाची तक्रार आली नाही.

खर्च

एमडीएफ आणि कापणी ६५०, फुकट गेलेली प्लाय १८०, अॅक्रिलिक ४५०, नॅनो ३२०, दोन पोटेन्शिओमीटर ६०, तारा १००, डोळ्याच्या पट्ट्या १४०, काळं कापड २४०, स्प्रे २६०, फिल्म-मार्कर-आलेख कागद १३०. एकूण २,५३० रुपये. मॉनिटर, टीव्ही आणि संगणक आधीचेच.

६ सप्टेंबर: दर वेळी करायची तपासणी

मॉनिटरच्या बुडाशी एक न ताणणारा दोरा बांधून ठेवला आहे, त्याला तीन गाठी: २४.९, ४४.१, ९६.८. चित्र बदललं की दोरा पडद्याच्या तोंडापासून फळीपर्यंत ताणायचा आणि गाठ जुळवायची. मग पडद्यावर ४०० मिमीची रेघ काढून पट्टीनं मोजायची, आणि जुनी फिल्म लावून काठ्यांच्या रेघा जुळतात का ते भोकातून बघायचं. सगळ्याला चार मिनिटं लागतात. आज ४०० मिमीची रेघ ४११ भरली: कुणीतरी संगणक दुसऱ्या मॉनिटरला जोडला होता.